औषध कारखान्यातली धूळ आणि वेट स्क्रबर : हूडपासून धुराड्यापर्यंतची नव्यांसाठी वाट

गोळ्या आणि कॅप्सूल बनवणाऱ्या कारखान्यात धूळ उडत नाही असा टप्पा शोधून सापडायचा नाही. कच्चा माल तोलताना, चाळताना, मिलमधून काढताना, ब्लेंडरमध्ये ओतताना, गोळी दाबताना, कोटिंग पॅनमध्ये द्रावण फवारताना सगळीकडे बारीक भुकटी हवेत जाते. ही धूळ म्हणजे औषधच. ती कामगाराच्या फुफ्फुसात जाऊ नये, शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या औषधात मिसळू नये आणि छतावरच्या धुराड्यातून बाहेर पसरू नये, अशी तिहेरी जबाबदारी एक्झॉस्ट यंत्रणेवर असते.

वेट स्क्रबर, म्हणजे धुळीची हवा पाण्याने धुऊन बाहेर सोडणारं यंत्र, यातलं फक्त तिसरं काम करतो. पहिली दोन कामं हूड (धूळ ओढून घेणारं तोंड), डक्ट (ती हवा पुढे नेणारा पाइप) आणि खोलीतला दाब यांची. नव्या माणसाची नजर मात्र आधी त्या स्टीलच्या मोठ्या टाकीवर जाते आणि खोलीत धूळ दिसली की दोषही तिच्याच माथी मारला जातो. खोदून पाहिलं तर कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक निघतं : हूड धुळीपासून लांब आहे, नाहीतर टाकीतलं पाणी वेळेवर बदललेलं नाही. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

आधी आपली भुकटी ओळखा

स्क्रबरचं कोटेशन मागवण्याआधी एक बीकर घ्या. त्यात १०० मिली साधं पाणी आणि आपल्या ब्लेंडची २ ग्रॅम भुकटी टाका, ढवळा आणि तासभर लक्ष ठेवा. मग तो बीकर झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. स्क्रबरच्या टाकीतलं पाणी साधारण याच दाटपणाला पोचल्यावर बदलायचं असतं, त्यामुळे टाकीत पुढे काय होणार ते इथेच दिसतं.

लॅक्टोज, साखर, मॅनिटॉल विरघळून जातात. पकडायला सोपे, पण पाणी जिवाणूंसाठी गोड खाऊ बनतं आणि दोन दिवसांत भिंतींवर बुळबुळीत थर चढतो. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि साधा स्टार्च विरघळत नाहीत, तळाशी पांढरा चिखल होऊन बसतात. टायटॅनियम डायऑक्साइड दिसायला भयंकर, कारण चिमूटभरानेही सगळी टाकी दुधासारखी होते. नुसत्या रंगावरून पाणी किती घाण झालं ते ठरवू नका.

क्रॉसकारमेलोज सोडियम, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, क्रॉस्पोव्हिडोन यांचं कामच पाणी लागलं की फुगायचं. गोळी पोटात फुटावी म्हणून घातलेले हे पदार्थ नोझलच्या भोकातही तितक्याच इमानाने फुगतात. प्रीजिलेटिनाइज्ड स्टार्च थंड पाण्यातही घट्ट होतो. मॅग्नेशियम स्टिअरेट मुळात भिजतच नाही, वर तरंगत राहतो. त्याला पकडायला नुसता पाण्याचा पाऊस पुरत नाही, थेंब आणि कण यांची जोराची टक्कर व्हावी लागते. सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर फेस येणारच. एफर्व्हेसंट (पाण्यात फसफसणाऱ्या) मालात सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे तिथेही फेस.

एचपीएमसीबद्दल (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज, गोळीवर पातळ थर देणारा पदार्थ) वेगळं सांगायला हवं, कारण फिल्म कोटिंगच्या बहुतेक धुळीत तो असतो. हा थंड पाण्यात विरघळतो आणि गरम पाण्यात विरघळेनासा होतो. सफाईला उत्साहाने गरम पाणी सोडलं की तो थर जागच्या जागी घट्ट बसतो. आधी थंड पाण्याने भिजवून काढायचा, मग बाकीची सफाई.

एवढं झाल्यावर मालाची सुरक्षा पत्रिका वाचा. तीन गोष्टी टिपून घ्या : कामाच्या जागेतल्या हवेतली अनुज्ञेय मर्यादा, भुकटी ज्वालाग्राही आहे का, आणि पाण्यात किंवा आम्ल-अल्कलीत ती किती विरघळते.

हूड : लढाई इथेच जिंकायची

फुंकर लांबूनही मेणबत्ती विझवते. ओढून घेऊन ती विझवायला तोंड ज्योतीला टेकवावं लागेल. शोषण असंच असतं. साध्या गोल पाइपच्या तोंडापासून एका व्यासाइतकं अंतर गेलं की हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यावर येतो.

हिशेबाचं जुनं सूत्र कामाला पुरतं. लागणारी हवा = वेग × (१० × अंतराचा वर्ग + हूडच्या तोंडाचं क्षेत्रफळ). सगळं मीटर आणि सेकंदात. भुकटी हळूच ओतली जाते अशा ठिकाणी धुळीच्या उगमापाशी ०.५ ते १ मीटर प्रति सेकंद वेग मिळायला हवा. जिथे ती जोराने उडते, म्हणजे पिंपात धाडकन पडताना किंवा उघड्या सिफ्टरवर (चाळण्याच्या यंत्रावर), तिथे १ ते २.५.

आता आकडे घालू. हूडचं तोंड २०० × ३०० मिमी, म्हणजे ०.०६ चौरस मीटर. उगम ३०० मिमी लांब आणि हवा ०.५ मीटर प्रति सेकंद वेगाने हवी :

०.५ × (१० × ०.०९ + ०.०६) = ०.४८ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला सुमारे १,७३० घनमीटर.

तोच हूड १५० मिमीवर आणा :

०.५ × (१० × ०.०२२५ + ०.०६) = ०.१४२५, म्हणजे तासाला सुमारे ५१३ घनमीटर.

अंतर निम्मं केलं आणि हवा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लागली. पंखा, डक्ट, स्क्रबर, पाणी, वीज सगळं त्या प्रमाणात लहान होतं. हूडच्या कडेला चारही बाजूंनी पट्टी लावली तर मागून येणारी फुकटची हवा थांबते आणि आणखी साधारण पाव हिस्सा वाचतो. झाकण घालून उगमच बंद करता आला तर त्याहून उत्तम.

यंत्रानुसार थोडा विचार बदलतो. टॅब्लेट प्रेसवर शोषणाचं तोंड फीड फ्रेमच्या (साच्यांत भुकटी भरणाऱ्या भागाच्या) जवळ आणि डी-डस्टरवर (गोळ्यांवरची धूळ झाडणाऱ्या यंत्रावर) असतं; इथे जास्त ओढ म्हणजे जास्त सुरक्षितता असं नाही. ओढ वाढली की सगळ्यात बारीक माल आधी जातो, गोळीचं वजन हलू लागतं आणि यील्ड (हाती येणारा तयार माल) घसरतं. प्रत्येक प्रेसच्या डक्टच्या फांदीवर डॅम्परची (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) जागा ठरवून खूण करा आणि तो तिथेच कुलूपबंद करा, नाहीतर दर पाळीला कोणी ना कोणी तो फिरवतंच. फ्लुइड बेड ड्रायरमध्ये (गरम हवेवर भुकटी उडती ठेवून सुकवणाऱ्या यंत्रात) कापडी पिशव्या मुख्य गाळणी करतात, स्क्रबर त्यांच्या मागे उभा असतो; पिशवी फाटली तर स्क्रबरला एकदम किलोंच्या हिशेबात माल येतो. कोटिंग पॅनची हवा गरम आणि ओली, वर तिच्यात सुकलेल्या फवाऱ्याची चिकट धूळ. कोरडे बॅग फिल्टर तिथे लवकर बुजतात. वेट स्क्रबर सर्वांत जास्त शोभतो तो याच जागी.

तपासणीला धुराची नळी वापरा. धूर सोडायचा तो हूडच्या तोंडाशी नव्हे, भुकटी जिथे उडते तिथे आणि माणूस नेहमीसारखा काम करत असताना. हात मध्ये आला की धूर कुठे वळतो ते बघण्यासारखं असतं.

डक्ट

डक्टमध्ये धूळ बसू नये म्हणून वेग १५ ते २० मीटर प्रति सेकंद ठेवतात. १८ धरून चालणं बरं. वरच्या ५१३ घनमीटरसाठी १८ च्या वेगाने क्षेत्रफळ ०.००७९ चौरस मीटर येतं, म्हणजे बरोबर १०० मिमी व्यासाचा पाइप. कोणी "पुढे लागेल" म्हणून १५० मिमीचा टाकला तर वेग ८ वर येतो आणि आडव्या पाइपात भुकटीचा बांध तयार होतो. डक्ट मोठा असणं इथे दोष आहे, हे एअर कंडिशनिंगच्या कामातून आलेल्या माणसाला पटायला वेळ लागतो.

वेग मोजायला पिटो नळी (हवेच्या वेगामुळे येणारा दाब मोजणारी नळी) वापरा. साध्या तापमानाच्या हवेत वेगदाब ०.६ × वेगाचा वर्ग इतका पास्कल येतो. १८ मीटरला सुमारे १९४. हा आकडा पाठ असला की जागेवर उभ्या उभ्या अंदाज येतो.

फांद्या मुख्य डक्टला ३० अंशाने जोडा, काटकोनात कधीच नाही. बेंडची त्रिज्या व्यासाच्या दीड ते दोन पट. प्रत्येक बेंडजवळ आणि आडव्या पाइपात काही अंतराने उघडता येणारं दार ठेवा. धातूचा प्रत्येक तुकडा एकमेकाला आणि अर्थिंगला जोडलेला हवा, रोध १० ओहमच्या आत. लवचीक होजच्या आतली तारसुद्धा दोन्ही टोकांना. स्क्रबरमध्ये पाणी आहे म्हणून स्फोटाची भीती गेली असं समजू नका. त्याच्या आधीचा सगळा डक्ट कोरडाच असतो, आणि लॅक्टोज किंवा स्टार्चची हवेत उडालेली बारीक धूळ पेट घेऊ शकते.

एक जागा मात्र खास सांभाळायची : कोरडा डक्ट ओल्या स्क्रबरला मिळतो तो सांधा. तिथे भिंत कधी ओली, कधी कोरडी राहते. भुकटी येऊन चिकटते, अर्धवट वाळते, तिच्यावर पुढचा थर बसतो. काही आठवड्यांत २५० मिमीच्या तोंडाचं १५० मिमी होऊन बसतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उपाय दोन : त्या सांध्याची भिंत सतत पाण्याने वाहती ठेवणारा फवारा आणि समोरच काच असलेलं दार. खरेदीच्या कागदात या दोन्ही गोष्टी लिहून घ्या.

प्रत्येक खोलीच्या फांदीवर उलट हवा रोखणारा डॅम्पर लागतो. पंखा बंद पडला की एका खोलीतली धूळ मुख्य डक्टमार्गे दुसऱ्या खोलीत यायला वाट मोकळी होते, आणि तिथे वेगळं औषध चालू असेल तर प्रश्न बॅच फेकण्यापर्यंत जातो.

खोलीच्या हवेचा ताळेबंदही लगेच करून टाका. ३ × ४ × ३ मीटरच्या खोलीत तासाला २० वेळा हवा बदलत असेल तर ७२० घनमीटर हवा येते. त्यातले ५१३ एकट्या हूडने ओढले तर परतीच्या जाळीला उरतात २०७, तेही खोलीत बाहेरून काही शिरत नाही असं धरून. हूड बंद-चालू झाला की दाबाची शिडी, म्हणजे खोल्याखोल्यांमधला ठरवून ठेवलेला दाबाचा फरक, कोसळते. म्हणून हूड सतत चालू ठेवा, किंवा त्याच्यासोबत परतीचा डॅम्पर आपोआप हलेल अशी जोडणी करा.

कोणता स्क्रबर घ्यायचा

स्प्रे टॉवर म्हणजे उंच टाकीत वरून पाण्याचा फवारा आणि खालून हवा. दाब फार थोडा खातो, १०० ते २०० पास्कल. ५ मायक्रॉनहून जाड धुळीला ठीक, त्याखाली नाही. वेट सायक्लोन थोडा बरा. व्हेन्चुरीमध्ये हवा अरुंद गळ्यातून ६० ते १२० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते, तिथेच पाणी सोडलं जातं, पाण्याचे बारीक थेंब होतात आणि कण त्यांच्यावर आपटतात. मायक्रॉनच्या आसपासच्या धुळीला आणि न भिजणाऱ्या मॅग्नेशियम स्टिअरेटला हाच. पॅक्ड बेड हा वायू आणि वाफांसाठी असतो. त्याच्यात भुकटी सोडली तर पॅकिंगमध्ये चिखल भरतो. तरीही धुळीसाठी पॅक्ड बेड सुचवणारे विक्रेते भेटतात.

तासाला ३,००० घनमीटर हवा धरून व्हेन्चुरीचा हिशेब असा : घनमीटरला १ लिटर पाणी लागतं असं धरा, म्हणजे पंप तासाला ३,००० लिटरचा. गळ्यातला वेग ६० मीटर. गळ्याचा दाबफरक ढोबळमानाने पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × पाणी-हवेचं प्रमाण, म्हणजे १००० × ३६०० × ०.००१ = ३,६०० पास्कल. त्यात हूड, डक्ट, डेमिस्टर (हवेतले पाण्याचे थेंब पकडणारा भाग) आणि धुराड्याचे १,६०० मिळवा, एकूण ५,२००. पंख्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर लागतात सुमारे ७.२ किलोवॅट, आणि राखीव धरून ११ किलोवॅटची मोटर. तेवढीच हवा स्प्रे टॉवरमधून काढायला २.५ किलोवॅटच्या आसपास पुरतात. हा फरक वर्षानुवर्षं वीजबिलात येतो, म्हणून धुळीच्या कणांचं आकारमान मोजल्याशिवाय व्हेन्चुरी घेऊ नका. आणि मोजमापात बारीक कण निघाले तर पैसे वाचवायला स्प्रे टॉवरही घेऊ नका.

पंखा स्क्रबरच्या नंतर, स्वच्छ बाजूला. म्हणजे आधीचा सगळा डक्ट ऋण दाबात राहतो आणि गळती झाली तरी हवा आत जाते, धूळ बाहेर येत नाही. पंख्याच्या आवरणाच्या तळाला पाणी निघायला भोक हवं. त्याच्या आधी थेंब पकडणारा डेमिस्टर : धुळीच्या कामाला वाकड्या पात्यांचा घ्या, तारेच्या जाळीचा बारीक थेंबही पकडतो पण लवकर बुजतो. धुराड्याचं तोंड छताच्या निदान ३ मीटर वर, सरळ आकाशाकडे, आणि ताजी हवा आत घेणाऱ्या एएचयूपासून (एअर हँडलिंग युनिट, खोल्यांना हवा पुरवणारं यंत्र) दूर. तोंडावर छत्री बसवू नका. ती हवा खाली वळवते आणि तीच पुन्हा आत येते.

पाणी

स्क्रबर चालवणं म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी सांभाळणं.

वरच्याच उदाहरणात हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे अर्धा ग्रॅम धूळ येते असं धरा. तासाला १.५ किलो, आठ तासांच्या पाळीत १२ किलो. टाकी ५०० लिटरची असेल तर पाळीअखेर पाण्यात २.४ टक्के घन पदार्थ. बीकरमध्ये जे पाहिलं त्यापेक्षाही दाट. म्हणजे दर पाळीला टाकी रिकामी करायची, किंवा २ टक्क्यांवर थोपवायला तासाला ७५ लिटर पाणी सतत काढत राहायचं. आपल्याकडची धूळ नेमकी किती हे कळायला बॅचच्या यील्डमधला घाटा बघा. तो माल कुठेतरी गेलाच आहे.

शिवाय बाष्पीभवन. हवेने किलोमागे ६ ग्रॅम ओलावा उचलला तर ३,००० घनमीटरला तासाला २० लिटर पाणी उडतं, पाळीत १६० लिटर. भरपाईचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकला तर पाळी संपण्याआधी पंप हवा ओढू लागेल.

ड्रेनबद्दल नव्या माणसाची हमखास फसगत होते. पंखा चालू असताना टाकी ऋण दाबात असते. ड्रेन उघडला की पाणी बाहेर येण्याऐवजी गटारातली हवा आत ओढली जाते. सतत पाणी काढायचं असेल तर पाइपला पाण्याचा सील हवा, आणि त्याची उंची टाकीतल्या ओढीपेक्षा जास्त. ५,००० पास्कल म्हणजे सुमारे ५१० मिमी पाणी. तिथे ७५० मिमीचा सील ठेवा. उलट, पंखा थांबला की वर अडकलेलं पाणी खाली उतरतं आणि पातळी वाढते. टाकी काठोकाठ भरून ठेवलेली असेल तर फरशीवर तळं होतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी, धुतलेली आणि उघडी ठेवून जा. उभं पाणी ठेवून गेलात तर परतल्यावर वासच सांगेल. हे पाणी औषध मिसळलेलं आहे. ते थेट गटारात नाही, ईटीपीकडे (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेकडे), आणि ईटीपी चालवणाऱ्याला कोणतं औषध येतंय ते आधी कळवून. प्रतिजैविकं ईटीपीतले उपयोगी जिवाणूच मारतात. गाळही औषधी कचरा म्हणून वेगळा बांधायचा.

चालू करण्याचा आणि बंद करण्याचा क्रम

१. टाकीची पातळी खुणेपर्यंत भरा, ड्रेन बंद असल्याची खात्री करा, गाळणी स्वच्छ आहे का बघा.
२. पंप चालू करा. पाण्याचा प्रवाह ठरलेल्या आकड्यावर येईपर्यंत थांबा. पंपाचा दाब नुसता दिसून उपयोग नाही, नोझल बुजला तर दाब उलट वाढतो.
३. काचेतून सगळे फवारे फुटत आहेत का ते डोळ्यांनी पाहा.
४. मग पंखा.
५. दाबफरक स्थिर झाला की खोलीतल्यांना यंत्र चालू करायला सांगा.

बंद करताना उलट : आधी यंत्र, मग पाच-दहा मिनिटांनी डक्ट रिकामा झाल्यावर पंखा, शेवटी पंप. हा क्रम माणसाच्या आठवणीवर सोडू नका. पाण्याचा प्रवाह नसेल तर पंखा सुरू होऊ नये आणि चालता प्रवाह तुटला तर आधी भोंगा वाजून यंत्र थांबावं, असं इंटरलॉक लावा आणि महिन्यातून एकदा मुद्दाम पाणी तोडून ते चालतं का ते तपासा.

आकडे वाचायला शिका

तीन गेज हवेत : गळ्यावरचा दाबफरक, डेमिस्टरवरचा दाबफरक आणि मुख्य डक्टमधली ओढ. जोडीला पाण्याचा प्रवाह. एकटा गेज अर्धी गोष्ट सांगतो.

गळ्याचा दाबफरक पडला आणि डक्टची ओढही पडली, तर हवाच कमी झाली आहे : पट्टा सैल, पंख्याच्या पात्यावर थर, किंवा डेमिस्टर बुजला. डेमिस्टरचा गेज बघून शेवटचं कारण लगेच ओळखता येतं.

गळ्याचा दाबफरक पडला आणि डक्टची ओढ मात्र वाढली, तर पाणी कमी झालं आहे. गळ्यातली अडचण दूर झाल्यामुळे हवा मोकळी वाहते. खोलीतला ऑपरेटर खूश होतो, आज सक्शन मस्त आहे म्हणतो, आणि त्याच वेळी धुराड्यातून धूळ सरळ बाहेर चाललेली असते. हा बिघाड सगळ्यात फसवा, कारण तक्रार कुणाकडूनच येत नाही. म्हणून लॉगबुकात चारही आकडे शेजारी शेजारी लिहायचे, आणि ठीक असलेल्या दिवसाचे आकडे गेजवरच रंगाने खूण करून ठेवायचे.

धुराड्यातून थेंब पडत असतील किंवा छतावर पांढरे डाग दिसत असतील तर डेमिस्टर उलटा बसला आहे का, त्याची निचऱ्याची नळी बुजली आहे का आणि टाकीत फेस आहे का, या क्रमाने बघा. फेसाला सिलिकॉनचं अँटीफोम चालतं, पण थोडंच. हात सैल सोडला तर ईटीपीत त्रास होतो. पंख्याला कंप आला तर बहुधा वाहून आलेले थेंब पात्यांवर वाळून वजन बिघडलं आहे. नुसते बेअरिंग बदलून तो थांबणार नाही. पंपाचा अँपिअर पडला आणि खडखड आवाज येतोय, तर शोषणाकडची गाळणी तुंबली आहे. दोन गाळण्या समांतर बसवा, एक चालू असताना दुसरी धुता येते. नोझल मोठ्या भोकाचे, बाहेरून काढता येणारे घ्या. बारीक धुक्याचे नोझल फिरत्या गढूळ पाण्यात दोन दिवस टिकत नाहीत.

सफाई

उत्पादन बदलताना हूड, होज आणि पहिल्या सुटणाऱ्या सांध्यापर्यंतचा डक्ट हा यंत्राचाच भाग समजून यंत्राच्या एसओपीत (ठरवून दिलेल्या लेखी कार्यपद्धतीत) धुवायचा. हे पुष्कळ ठिकाणी राहून जातं, मग होज झटकली की मागच्या औषधाचा खडा नव्या बॅचमध्ये पडतो. टाकीत उतरायचं असेल तर पंखा आणि पंपाला कुलूप आणि फलक, प्राणवायू मोजून १९.५ टक्क्यांच्या वर असल्याची खात्री, बाहेर एक माणूस उभा आणि लेखी परवाना. टाकी छोटी आहे, पटकन होईल, हे कारण चालत नाही.

जिथे स्क्रबर एकटा पुरत नाही

हॉर्मोन, कर्करोगावरची औषधं आणि इतर अतितीव्र मालाला उगमापाशीच बंदिस्ती हवी, आणि हवा बाहेर सोडण्याआधी हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारा), तोही पिशवीतून बदलता येणारा. स्क्रबर लावायचाच असेल तर तो हेपाच्या नंतर. ओली हवा हेपावर सोडली की तो भिजतो आणि फाटतो. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनसारख्या) प्रतिजैविकांसाठी इमारत आणि हवा दोन्ही वेगळी असतात. तिथे हेपानंतरच्या स्क्रबरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण वापरतात, कारण अल्कलीत बीटा-लॅक्टमचं वलय उघडून औषध निकामी होतं. त्यासाठी किती पीएच आणि किती वेळ लागतो हे प्रत्येक औषधासाठी प्रयोगशाळेत सिद्ध करून मगच टाकीवर आकडा लिहायचा.

सॉल्व्हंटचं (कोटिंगसाठी पाण्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ज्वालाग्राही द्रावकाचं) प्रकरण वेगळं. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हवेत २ टक्क्यांना पेट घेऊ शकतो, ॲसिटोन २.५ ला, डक्टमध्ये या मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहावं लागतं, आणि पंखा व मोटर स्फोटरोधक. आयपीए पाण्यात सहज मिसळतो म्हणून स्क्रबरने काम झालं असं वाटतं, पण तेच पाणी फिरत राहिलं की काही काळाने ते त्याला हवेत परत सोडतं. ताजं पाणी सतत द्यायचं तर ईटीपीचा सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) चढतो. सॉल्व्हंट कोटिंग करणार असाल तर वाफ थंड करून गोळा करणारी यंत्रणा आधी, धुळीचा स्क्रबर त्याच्या हिशेबात बसेल तिथे.